चूर्ण, पार्सल आणि आठची गोळी

पत्र :

स.न.वि.वि. माझे यजमान ६९ वर्षांचे आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. पाच वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं (कंपवाताचं) निदान झालं. लेव्होडोपा-कार्बिडोपाची (१०० + २५) गोळी दिवसातून तीनदा, आठ-दोन-आठ अशी चालू आहे, शिवाय रासॅजिलिनची एक. धाकटा मुलगा न्यू जर्सीला असतो. तो दर दोन-तीन महिन्यांनी पार्सल पाठवतो : को-क्यू-टेन, हळदीच्या कॅप्सूल, मेंदूसाठीची मल्टिव्हिटॅमिनची बाटली, प्रोटीन पावडर. दिवाळीत दिरांनी एका वैद्यांकडून कवचबीजाचं चूर्ण आणलं. सकाळ-संध्याकाळ गोळीबरोबरच एक चमचा दुधातून घेतात. सुरुवातीला इतका फरक पडला की शर्टाची बटणं स्वतः लावायला लागले. पण महिनाभरापासून सकाळी दहाच्या सुमारास मान आणि खांदे आपोआप डुलतात, मळमळतं, आणि रात्री दोनदा म्हणाले की कोपऱ्यात लहान मूल बसलंय. हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाची गोळी आणि गॅससाठी मेडिकलमधून आणलेली कॅप्सूल चालू आहेच. आता हे म्हणतात, ‘चूर्णानं बरं वाटतंय, इंग्रजी गोळ्या हळूहळू सोडतो. त्या पाच वर्षांनी लागू पडत नाहीत म्हणे.’ दुपारची गोळी कधीकधी मला धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात सापडते. यातलं काय ठेवू आणि काय बंद करू?

— एक वाचक, कराड

उत्तर :

ताई,

आधी तातडीचं सांगतो, बाकीचं सावकाश वाचा. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना उद्याच फोन करा. पुढची तारीख महिन्यानं असली तरी तोवर थांबू नका. मान-खांदे डुलतात, रात्री नसलेलं मूल दिसतं आणि दिवाळीपासून कवचबीजाचं चूर्ण चालू आहे, या तिन्ही गोष्टी एकाच दमात सांगा. चुर्णाचा उल्लेख टाळू नका. डॉक्टर रागावतील या भीतीनं लोक नेमकं तेच लपवतात, आणि मग डॉक्टरही अंधारात राहतात. फोन होईपर्यंत इंग्रजी गोळी एकही चुकू द्यायची नाही. चूर्णही घरच्या घरी ठरवून एकदम तोडू नका. ते कसं उतरवायचं आणि किती वेगानं, हे डॉक्टरांना ठरवू दे. मध्येच खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ होणं, बोलण्यात भ्रम असं काही दिसलं तर फोन करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. लेव्होडोपा अचानक थांबल्यावर क्वचित असं होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणूनच खिशात सापडलेली ती गोळी मला तुमच्या पत्रातल्या सगळ्या डब्या-बाटल्यांपेक्षा जास्त काळजीची वाटली.

आता चूर्ण. दिरांवर चिडू नका. त्यांनी आणलेल्या वस्तूत दम आहे, आणि सगळा घोळ त्या दमामुळेच झालाय.

कवचबीज म्हणजे खाजकुइलीचं बी. पावसाळ्यानंतर सह्याद्रीच्या रानात ज्याचा हात त्या लवदार शेंगेला एकदा लागलाय त्याला वेगळं सांगायला नको. आयुर्वेदात कपिकच्छू म्हणून ही वनस्पती जुनी आहे आणि कंपवातात वापरली जाते. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी याच बियांमधून एक पदार्थ वेगळा काढला. तो पदार्थ म्हणजे लेव्होडोपा. तुमच्या यजमानांच्या आठच्या गोळीत आहे तोच. न्यूयॉर्कमध्ये कोट्झियास यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना भरपूर मात्रेत लेव्होडोपा देऊन परिणाम दाखवला तो १९६७ साली, म्हणजे त्यानंतर तीस वर्षांनी.

तेव्हा बटणं लावता आली हे खोटं नव्हतं. या आजारात मेंदूत हालचाल सांभाळणारं डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं, लेव्होडोपा मेंदूत जाऊन त्याचं डोपामिन होतं, हात मोकळा होतो. गोळीनं होतं ते चुर्णानंही झालं. फक्त घरात कुणी हिशेब केला नाही. तो करू या. बियांमध्ये लेव्होडोपा साधारण ४ ते ६ टक्के असतं, वाण आणि प्रक्रियेप्रमाणे कमीजास्त. चहाचा चमचा शिगोशीग भरला तर पाचेक ग्रॅम चूर्ण बसतं. म्हणजे चमच्यामागे २०० ते ३०० मिलिग्रॅम लेव्होडोपा. दोन चमच्यांचे ४०० ते ६००. डॉक्टरांनी दिवसाला लिहून दिलंय ३००! ‘इंग्रजी औषध नको’ म्हणणारा माणूस नकळत त्याच औषधाची दुप्पट-तिप्पट मात्रा घेतोय.

नुसत्या चुर्णातलं सगळं लेव्होडोपा मेंदूत पोचत नाही, हे खरं. बरंचसं वाटेतच, आतड्यात आणि रक्तात, डोपामिन होऊन जातं, आणि तिथलं डोपामिन मळमळ आणतं. हे थांबवायला गोळीत कार्बिडोपा घालतात. पण तुमच्याकडे गोळी आणि चूर्ण एकाच वेळी पोटात जातंय. गोळीतलं कार्बिडोपा चुर्णातल्या लेव्होडोपालाही थोडाफार रस्ता करून देतं, आणि उरलेलं मळमळ करतं. आठला घेतलेल्या या दोन्हींचा जोर नऊ-दहाच्या सुमाराला शिगेला पोचतो, आणि मान-खांदे डुलतात तेही तेव्हाच. याला डिस्किनेशिया म्हणतात. हा कंप नव्हे, आजार वाढल्याची खूणही नव्हे. बहुतेक वेळा त्या क्षणी डोपामिन गरजेपेक्षा जास्त झालेलं असतं. रात्रीचं मूलही त्याच हिशेबातलं असू शकतं. नक्की काय ते डॉक्टर तपासून सांगतील, कारण लघवीच्या जंतुसंसर्गापासून इतर गोळ्यांपर्यंत भासाची कारणं बरीच असतात.

कवचबीजावर नीट अभ्यास झालेत, आणि ते वाचले की आंधळी भक्तीही राहत नाही आणि तुच्छताही. लंडनमध्ये आठ रुग्णांवर केलेली एक तपासणी २००४ साली छापून आली. ३० ग्रॅम कवचबीजाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि जास्त वेळ टिकला, तोही डिस्किनेशिया न वाढता. पण ती एकेका मात्रेची परीक्षा होती. मिलानच्या डॉक्टरांनी बोलिव्हियातल्या रुग्णांना, जिथे गोळ्या परवडत नाहीत, भाजलेल्या बियांची पूड देऊन पाहिली. एका मात्रेपुरती ती छान चालली. मग रोज द्यायचा सोळा आठवड्यांचा प्रयोग केला, तेव्हा चौदापैकी सात जणांनी ती सोडली : चौघांनी पोटाच्या त्रासामुळे, तिघांनी हालचाल बिघडत गेली म्हणून. एक चमचा आणि रोजचा चमचा यात एवढं अंतर आहे. तुमच्या घरातही दिवाळीतलं कौतुक आणि आताची मळमळ यांच्यामध्ये तेच अंतर आहे.

माझं मत विचाराल तर कवचबीजाला पूरक आहार म्हणणंच मला पटत नाही. हे औषध आहे, आणि औषधासारखंच मोजून, लिहून, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायचं असेल तर घ्यावं. ठरावीक मात्रेचं, प्रमाणित केलेलं कवचबीज आपल्याकडे औषध कंपन्यांनी काढलंय आणि काही न्यूरॉलॉजिस्ट ते वापरतातही. पुडीतल्या चुर्णाची अडचण अशी की या महिन्याची पुडी आणि पुढच्या महिन्याची पुडी यात किती फरक आहे ते वैद्यांनाही ठाऊक नसतं. अमेरिकेत दुकानांत मिळणाऱ्या कवचबीजाच्या गोळ्या-कॅप्सूल प्रयोगशाळेत तपासल्या, तर काहींत जेमतेम दोन-चार मिलिग्रॅम लेव्होडोपा निघालं आणि काहींत दोनशेच्या वर. मुलाच्या पार्सलमध्येही कवचबीजाची कॅप्सूल नाही ना, ते बाटल्यांच्या मागचं बारीक अक्षर वाचून बघा. तिकडे ती ‘मुकुना’ नावानं मिळते.

आणि चुर्णात कवचबीजच आहे ना, आणखी काही आहे का, हे वैद्यांकडून लिहून घ्या. चांगला वैद्य हे विचारल्यावर रागावत नाही. कंपवाताच्या काही मिश्रणांत खुरासनी ओवा असतो. त्यानं थरथर कमी होते, पण सत्तरीच्या माणसात भ्रम आणि भासही होऊ शकतात, आणि बद्धकोष्ठ वाढतं. एखादी रसौषधी, म्हणजे पारा किंवा धातूंची भस्मं घातलेलं औषध, असेल तर पारा-शिशाचा प्रश्न येतो. २००८ साली इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची अमेरिकेत तपासणी झाली, तेव्हा जवळपास पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

सर्पगंधा या औषधी वनस्पतीबद्दलही जरा सविस्तर सांगतो, कारण झोपेसाठी किंवा ब्लडप्रेशरसाठी तिच्या गोळ्या आपल्याकडे सहज हाताशी असतात. सर्पगंधेतून रेसर्पिन निघतं, आणि रेसर्पिन मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करतं. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पिन दिलं. ससे हलेनासे झाले. मग डोपा टोचलं, तर ते पुन्हा हिंडायला लागले. डोपामिनची महती जगाला कळली ती अशा प्रयोगांतून, आणि कार्लसनना त्यासाठी २००० साली नोबेल मिळालं. म्हणजे पार्किन्सन्सच्या माणसाला सर्पगंधा देणं हे गोळीनं भरलेलं दुसऱ्या हातानं उपसण्यासारखं आहे. तुमच्या घरात ती असेल तर डॉक्टरांना ते सगळ्यात आधी सांगा.

आता न्यू जर्सीचं पार्सल. त्या पोराचं मन मला समजतं. इतक्या लांबून वडिलांसाठी करण्यासारखं एवढंच त्याला सापडलंय. पण को-क्यू-टेनचा निकाल लागून बरीच वर्षं झाली. २००२ साली ऐंशी रुग्णांच्या छोट्या अभ्यासात ते आशादायक वाटलं होतं, आणि बाटल्यांवरची भाषा अजून त्या सालातच अडकली आहे. नंतर अमेरिका आणि कॅनडात सहाशे रुग्णांवर मोठा अभ्यास केला, दिवसाला १२०० आणि २४०० मिलिग्रॅमपर्यंत दिलं. फायदा दिसेना म्हणून तो मध्येच थांबवला, आणि निकाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. क्रिएटिन नावाच्या पूरकाचंही तेच : सतराशेहून अधिक रुग्ण, काही वर्षं औषध, शेवटी काही नाही. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या, आठशे लोकांवरच्या परीक्षेचा निकाल तर त्याच्याही आधी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लागला होता : फायदा नाही. इनोसिन नावाचं पूरक रक्तातलं युरिक ॲसिड वाढवून मेंदू वाचवेल अशी आशा होती. २०२१ मध्ये कळलं, मेंदूला फायदा नाही, मुतखडे मात्र वाढले. पार्किन्सन्सचा वेग कमी करतं असं सिद्ध झालेलं एकही पूरक आज नाही. कुणी पाचशे रुपयांची डबी दाखवो की पाच हजारांची, हे वाक्य लक्षात असू द्या. आपल्याकडच्या अशा डब्यांवरच कायद्यानं ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावं लागतं. ते वाचायला बहुधा चष्मा लागतो, एवढंच.

को-क्यू-टेन बंद केल्यानं काही बिघडणार नाही. हळदीच्या कॅप्सूलही बंद करा. भाजीतली हळद वेगळी आणि मिऱ्याचा अर्क घालून शोषण वाढवलेली कॅप्सूल वेगळी. तशा कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत. मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीवर तीन गोष्टी शोधा. पहिली, बी-६ किती आहे. कार्बिडोपा घेणाऱ्या माणसाला थोडं बी-६ लागतं, पण रोज ५०-१०० मिलिग्रॅमच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर पायांच्या नसांना इजा होऊ शकते, आणि मग त्या मुंग्या पार्किन्सन्सच्या खात्यावर टाकल्या जातात. दुसरी, लोह आहे का, त्याचं पुढे सांगतो. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची : त्यात ‘५-एचटीपी’ किंवा ‘सेंट जॉन्स वर्ट’ तर नाही? मूड आणि झोपेच्या अमेरिकन बाटल्यांत ही दोन्ही सर्रास असतात. तुमचे यजमान रासॅजिलिन घेतात, आणि या दोन गोष्टी तिच्याबरोबर जात नाहीत. सिरोटोनिन नावाचं मेंदूतलं रसायन प्रमाणाबाहेर वाढून ताप, झटके, रक्तदाबाची गडबड होऊ शकते. डेक्स्ट्रोमेथॉर्फान असलेलं खोकल्याचं सिरपही याच कारणानं वर्ज्य आहे. हे दुकानदाराला दरवेळी आपणच सांगायचं.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचाराल : मग को-क्यू-टेन घेतल्यावर पहिले काही दिवस ‘तरतरी’ कशी आली? पार्किन्सन्समध्ये ही एक गंमतच आहे. २००१ साली व्हँकुव्हरच्या संशोधकांनी रुग्णांना औषध म्हणून खोटं, निव्वळ मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन दिलं आणि मेंदूचं स्कॅनिंग केलं. बरं वाटेल या अपेक्षेनंच मेंदूत खरंखुरं डोपामिन सुटलं होतं. म्हणजे ‘मनाचे खेळ’ म्हणून हसण्यासारखंही ते नाही. इतर आजारांपेक्षा या आजारात आशा थेट त्याच रसायनावर काम करते. पण ती टिकत नाही, आणि दोन महिन्यांनी पुढची बाटली येते. कुठल्याही पूरकाबद्दल कुणी ‘आमच्या शेजाऱ्यांना फार गुण आला’ म्हणालं, तर किती महिन्यांनंतरची गोष्ट आहे ते विचारा.

प्रोटीन पावडर आणि दूध हा मुद्दा साधा आहे, पण तुमच्या घरात सगळ्यात जास्त फरक इथेच पडेल असं मला वाटतं. लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या वाटेनं जातं, त्याच वाटेनं प्रथिनांतली अमिनो आम्लं जातात. दोन्ही एकदम आली की लेव्होडोपा मागे राहतं. आठची गोळी पेलाभर दुधाबरोबर, वर प्रोटीन पावडर, म्हणजे गोळी अर्धी वाया. गोळी साध्या पाण्याबरोबर, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी द्या. रिकाम्या पोटी मळमळलं तर एखादा खाकरा किंवा मारीचं बिस्कीट चालेल. दूध नंतर. पण ऐकीव सल्ल्यानं प्रथिनं तोडू नका. पार्किन्सन्समध्ये वजन आधीच उतरतं, स्नायू वितळतात. दिवसभर ती कमी ठेवून उसळ, अंडी, पनीर, घट्ट वरण रात्रीच्या जेवणात घ्यावं अशी एक पद्धत आहे, दिवसा हालचाल मोकळी राहावी म्हणून. तुमच्या यजमानांना ती लागेल की नुसतं गोळीचं वेळापत्रक सुधारून भागेल, हे पंधरा दिवसांत कळेल. एका वहीत गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि हात कधी मोकळा होता, कधी अडला, एवढंच लिहून ठेवा. ती वही डॉक्टरांना कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त सांगेल. एक मात्र सांभाळा : हा बदल केल्यावर गोळीचा जोर वाढेल, आणि चूर्ण अजून चालू असेल तर डुलणंही वाढू शकतं. म्हणून आधी फोन, मग बदल.

लोहाची गोळी पोटात लेव्होडोपाला चिकटून बसते आणि शोषण चांगलंच घटवते. दोघींमध्ये निदान दोन तास ठेवा. दुपारी चार-पाचला, लिंबूपाण्याबरोबर द्या, म्हणजे आठच्या गोळीशी गाठ पडणार नाही. पण त्याआधी एक विचारतो : ६९ वर्षांच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन कमी का झालं, हे कुणी शोधलंय का? या वयात नुसती लोहाची गोळी देऊन गप्प बसायचं नसतं. पोटातून कुठे रक्त जात नाही ना, हे बघावं लागतं. फिजिशियनना विचारा.

गॅसच्या कॅप्सूलचं नाव तुम्ही दिलेलं नाही. पाकिटावर ‘लेव्होसल्पिराइड’ हा शब्द आहे का बघा. पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलबरोबर ते घातलेल्या कॅप्सूल मेडिकलमध्ये राजरोस मिळतात. हे औषध डोपामिनला अडवतं. चांगल्या माणसालाही त्यानं पार्किन्सन्ससारखी लक्षणं येतात, मग ज्याला पार्किन्सन्सच आहे त्याचं काय! उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करवरचं प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन ही सगळी त्याच रांगेतली. मळमळीसाठी काय घ्यायचं ते न्यूरॉलॉजिस्टना विचारा, त्यांच्याकडे चालण्यासारखं औषध असतं. सांगू का, मला कवचबीजापेक्षा या ‘साध्या’ गॅसच्या कॅप्सूलचा राग जास्त येतो. चुर्णाबद्दल निदान घरात चर्चा होते, कॅप्सूलबद्दल कुणी ब्रही काढत नाही.

मग पूरक म्हणून काहीच घ्यायचं नाही का? घ्यायचं, पण कमतरता तपासून. बी-१२ नक्की तपासा. लेव्होडोपा वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये ते कमी होण्याचं प्रमाण जास्त असतं, शाकाहारी असाल तर आणखीच, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर विचारायलाच नको. तळपाय बधिर, चालताना तोल जातो, विसरायला होतं, यातलं थोडं कारण बी-१२ असेल तर ते भरून निघण्यासारखं आहे, आणि इलाज स्वस्त आहे. ड जीवनसत्त्वही तपासा. पडणं आणि हाड मोडणं हा या आजारातला मोठा धोका, त्यामुळे हाडांची काळजी आधीपासून घ्यायची. कमी असेल तर ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी काही आठवडे देतात, मग मात्रा उतरवतात. आपल्याकडे ती पुडी सुरू होते, थांबवायची आठवण राहत नाही, आणि वर्षानं कॅल्शियम वाढून बद्धकोष्ठ आणि गोंधळलेपणा येतो. किती आठवडे घ्यायची ते पाकिटावर पेनानं लिहून ठेवा. पोट साफ होत नसेल तर रात्री इसबगोल, पण भरपूर पाण्याबरोबर आणि गोळीच्या वेळेपासून लांब. पाणी कमी पडलं तर इसबगोलच अडकून बसतं. गिळताना ठसका लागत असेल तर मात्र इसबगोलही डॉक्टरांना विचारूनच.

राहिली ‘पाच वर्षांनी गोळी लागू पडत नाही’ ही गोष्ट. खिशातल्या गोळीमागे हीच भीती आहे, हे त्यांच्याशी बोलल्याशिवाय सुटणार नाही. आजार पुढे जातो तसा औषधाचा परिणाम पुरेसा वेळ टिकत नाही, हे खरं आहे. पण गोळी वाचवून ठेवली म्हणजे पुढे उपयोगी पडेल, हे खरं नाही. आफ्रिकेतल्या घानामध्ये पैशाअभावी रुग्णांना लेव्होडोपा फार उशिरा मिळायचं. तिथले रुग्ण आणि इटलीतले रुग्ण यांची तुलना २०१४ साली प्रसिद्ध झाली. अंग डुलणं, औषधाचा जोर मधेच उतरणं हे दोन्हीकडे आजाराच्या साधारण त्याच टप्प्यावर सुरू झालं. घानातल्यांनी इतकी वर्षं गोळीविना काढली, त्याचं त्यांना काही फळ मिळालं नाही. २०१९ मध्ये नेदरलँड्समधला अभ्यास आला. त्यात काहींना लेव्होडोपा लगेच दिलं, काहींना चाळीस आठवडे उशिरा. शेवटी दोघांत फरक नव्हता : औषधानं आजाराचा वेग कमी झाला नाही आणि वाढलाही नाही. हे तुम्ही सांगू नका. नवऱ्यानं ऐकायचं म्हटलं की बायकोचा आवाज कमी पडतो. डॉक्टरांना सांगायला सांगा. किंवा पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळातल्या एखाद्या जुन्या शुभार्थीशी (मंडळात रुग्णाला असं म्हणतात) फोनवर बोलू द्या. दहा-पंधरा वर्षं हा आजार घेऊन हिंडणाऱ्या माणसाचं ते ऐकतील. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीही अशीच मदत करते.

आणि वैद्यांना शत्रू करू नका. दिरांबरोबर जाऊन त्यांना सांगा की इंग्रजी गोळीत तेच द्रव्य आहे, त्यामुळे दोघांपैकी एकानं हिशेब ठेवायला हवा. अभ्यंग, पोटासाठीचे उपाय, झोपेच्या सवयी यात त्यांची मदत घ्यायला काहीच हरकत नाही. पोटातून द्यायचं नवीन काहीही मात्र न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय नको.

डॉक्टरांकडे जाताना यादी लिहीत बसू नका. घरातल्या सगळ्या डब्या, बाटल्या, पुड्या, अर्धी संपलेली पाकिटं, खोकल्याचं सिरपसुद्धा एका पिशवीत भरून त्यांच्या टेबलावर ठेवा. यादीत माणूस जे महत्त्वाचं वाटतं तेच लिहितो, आणि गॅसची कॅप्सूल नेमकी राहून जाते.

मुलाला सांगा, पुढच्या पार्सलचे पैसे फिजिओथेरपिस्टसाठी पाठव. व्यायामाच्या बाजूनं जेवढा पुरावा आहे तेवढा कुठल्याही बाटलीच्या बाजूनं नाही. अमेरिकेत १२८ नव्या रुग्णांवर अभ्यास झाला. आठवड्यातून तीन-चारदा ट्रेडमिलवर, दम लागेल इतक्या जोरात चालणाऱ्यांची लक्षणं सहा महिन्यांत जवळजवळ होती तिथेच राहिली, न चालणाऱ्यांची वाढली. तुमच्या यजमानांना इतक्या जोरात झेपेल का, हे हृदय तपासून ठरवावं लागेल. पण रोजचं चालणं, मोठी पावलं, हात हलवत, हे उद्यापासून करता येईल. पडण्याची भीती असेल तर कुणाला तरी बरोबर घेऊन.

आणखी एक काम मुलाला द्या, पैशाविना होणारं. पार्किन्सन्समध्ये आवाज बारीक होत जातो आणि माणसाला स्वतःला ते कळत नाही. रविवारी व्हिडिओ कॉल होतच असेल. त्यात नातवंडांना धडा वाचून दाखवायला सांगा, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तसा आवाज काढून. ‘आजोबा, ऐकू येत नाही’ हे नातवंडांनी म्हटलेलं त्यांना लागणार नाही, तुम्ही म्हटलेलं लागेल. श्वास आणि स्वराचे नेमके व्यायाम स्पीच थेरपिस्ट बसवून देतात. कराडात कुणी नसेल तर त्यांचे वर्ग ऑनलाइनही चालतात.